पहिल्या वर्षानंतर कोठे?



जून महिना आला की बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांतून एक प्रश्न दरवर्षी कार्यकर्त्यांच्या दाराशी येतो. बारावीनंतर मुलाने किंवा मुलीने जवळच्या महाविद्यालयात नाव घातलेले असते. एक वर्ष उलटलेले असते, गुणही बरे पडलेले असतात, आणि आता पुढचे शिक्षण मोठ्या ठिकाणी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, लातूरला, अहिल्यानगरला किंवा पुण्याला व्हावे असे घरात बोलणे सुरू होते. इथे झालेले वर्ष तिथे धरतील काय, की पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागेल, हा तो प्रश्न. कार्यकर्ता बहुधा कोणा प्राचार्यांच्या कानावर घालतो, एखाद्या ओळखीच्या लिपिकाला गाठतो, आणि काम झाले तर एका घराचा दुवा घेतो. परंतु जे काम ओळखीने होते ते ज्याची ओळख नाही त्याचे होत नाही. गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे कायदेशीर स्वरूप पालटले आहे, आणि ते आपल्या चळवळीतील फार थोड्यांनी नीट पाहिले आहे.

प्रश्न मात्र मराठवाड्याला नवा नाही. निजामी राजवटीत औरंगाबादेला उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले इंटरमीजिएट कॉलेज होते. इंटरपर्यंतचे शिक्षण तेथे होई, बी. ए. व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानियाचे माध्यम उर्दू होते, त्यामुळे मराठी घरातील मुलाला गाव आणि भाषा या दोहोंचे स्थलांतर एकदमच करावे लागे. १९३८ साली वंदे मातरम् गाण्यावरील बंदीविरुद्ध औरंगाबादच्या वसतिगृहात सुरू झालेला लढा उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचला आणि विद्यार्थ्यांना मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आले. तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला : झालेले शिक्षण कोण मोजणार? नागपूर विद्यापीठाने, टी. जे. केदार कुलगुरू असताना, यांपैकी अनेकांना आपल्याकडे सामावून घेतले. त्या प्रसंगाचे देशभक्तीपर वर्णन आपण पुष्कळदा ऐकतो. त्याची दुसरी बाजू शैक्षणिक आहे. दुसऱ्या राज्यातील, दुसऱ्या भाषेच्या माध्यमातील विद्यापीठात झालेले शिक्षण एका विद्यापीठाने आपले मानले, आणि त्यासाठी संगणक लागला नाही की पेढी लागली नाही. एका कुलगुरूंची इच्छा पुरेशी ठरली. ज्यांना अशी इच्छा असणारे कुलगुरू भेटत नाहीत त्यांच्यासाठी नियम लागतो, एवढेच.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि हैदराबादची वाट बंद होऊन औरंगाबादची वाट खुली झाली. त्याआधीच, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे महाविद्यालय काढून दलित मुलांसाठी दार उघडले होते. पुढे १९९४ साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाडा दोन विद्यापीठांत विभागला गेला. बीड जिल्हा संभाजीनगरकडे राहिला, तर लातूर, परभणी, हिंगोली आणि नांदेड हे जिल्हे नांदेडकडे गेले.

आता जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. अंबाजोगाईहून लातूर साठेक किलोमीटरवर आहे, संभाजीनगर दोनशेहून अधिक. परळीच्या मुलाला परभणी आणि लातूर जवळची. आष्टीच्या मुलाचे शहर अहिल्यानगर. बाजारहाट, दवाखाना, नातीगोती सारे तिकडे, आणि २०२२ पासून रेल्वेही तिकडेच जाते. म्हणजे जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी पूर्वेकडील लोकांचे ओढ्याचे शहर नांदेड विद्यापीठात पडते आणि पश्चिमेकडील आष्टीकरांचे पुणे विद्यापीठात. जिल्ह्याचे विद्यापीठ मात्र तिसरेच. एका विद्यापीठाच्या हद्दीत महाविद्यालय बदलायचे तर जुन्या महाविद्यालयाचा दाखला, नव्या ठिकाणी रिकामी जागा आणि विषयांचा मेळ एवढे पुरते. हद्द ओलांडायची म्हटली की स्थलांतर प्रमाणपत्र येते, पात्रता विभाग येतो, अभ्यासक्रमाच्या समकक्षतेचा प्रश्न येतो. विद्यापीठांच्या सीमा प्रशासनाच्या सोयीने आखल्या गेल्या. माणसे मात्र एस. टी. च्या रस्त्याने चालतात.

हा अडथळा दूर करण्याचे आश्वासन २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दिले. त्यातील व्यवस्था थोडक्यात अशी. पदवीचे शिक्षण चार वर्षांचे. विद्यार्थ्याने उत्तीर्ण केलेला प्रत्येक विषय श्रेयांकांत, म्हणजे लोक ज्याला क्रेडिट म्हणतात त्यात मोजायचा. वर्षाला चाळीस ते चव्वेचाळीस श्रेयांक. हे श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाच्या राष्ट्रीय पेढीत विद्यार्थ्याच्या नावे जमा व्हायचे आणि तो जाईल तेथे त्याच्याबरोबर जायचे. या पेढीचे विनियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या जुलैत काढले. महाराष्ट्रात ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत, म्हणजे आपल्या तालुक्यांतील बहुतेक सर्व महाविद्यालयांत, २०२४-२५ पासून आली.

या धोरणावर आपल्या वर्तुळात पुष्कळ टीका झाली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. तथापि, श्रेयांक हा विद्यार्थ्याच्या मालकीचा असतो, महाविद्यालयाच्या नव्हे, ही त्यातील कल्पना टाकून देण्याजोगी नाही. ती गरिबाच्या बाजूची कल्पना आहे. प्रश्न आहे तो या पेढीतून पैसे काढता येतात की नुसते ठेवता येतात, हा.

येथे थोडे गणित केले पाहिजे. पेढीच्या विनियमांप्रमाणे ज्या संस्थेची पदवी घ्यायची त्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीला जास्तीत जास्त १३२ श्रेयांक धरा. पहिल्या वर्षानंतर आष्टीचा विद्यार्थी पुणे विद्यापीठाच्या हद्दीत गेला, तर तो ४४ श्रेयांक बरोबर नेतो आणि ८८ तेथे मिळवतो. अट सहज पुरी होते. तोच दुसऱ्या वर्षानंतर गेला तर ८८ नेतो आणि नव्या ठिकाणी ४४ च उरतात. तीन वर्षांच्या पदवीपुरती अट मोडते. म्हणजे हद्द ओलांडणाराला पहिल्या वर्षानंतरची वेळ हीच योग्य वेळ आहे. "अजून एक वर्ष इथेच काढ, मग बघू" असा सल्ला वडीलधारी माणसे सद्हेतूने देतात. हा सल्ला मुलाला एका पायरीवर अडकवून ठेवू शकतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

श्रेयांक मोजले गेले तरी ते नव्या ठिकाणच्या अभ्यासक्रमात बसावे लागतात. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानपरंपरा, मूल्यशिक्षण, क्षेत्रकार्य अशी ती टोपली आहे आणि प्रत्येक विद्यापीठाने ती आपापल्या परीने विणली आहे. केजच्या मुलीने अर्थशास्त्राबरोबर जो गौण विषय घेतला तो लातूरच्या महाविद्यालयात नसेल, तर तिचे श्रेयांक पेढीत सुरक्षित राहतील आणि ती मात्र पहिल्या वर्षात बसेल. रुपया खरा, पण दुकानदार घेत नाही, अशातली ही गत. मुख्य विषय जुळत असेल तर बाकीच्या श्रेयांकांवरून कोणाचेही वर्ष अडवू नये, असा साधा नियम तिन्ही विद्यापीठांना मिळून करता येईल.

ज्यांची शाखाच बदलते त्यांची गोष्ट याहून निराळी. जिल्ह्यातील कितीतरी मुले बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षाला नाव घालून वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करीत असतात. प्रवेश मिळाला की ते वर्ष तेथेच संपते. एम. बी. बी. एस. ला त्या श्रेयांकांचा उपयोग नाही. त्याबद्दल तक्रार करण्याचेही कारण नाही. ते वर्ष त्यांनी शिकण्यासाठी घेतलेलेच नसते.

खरी चिंतेची बाब दुसरी आहे. या व्यवस्थेला दोन दारे आहेत. एक दार वर नेणारे, म्हणजे श्रेयांक घेऊन चांगल्या संस्थेत जाण्याचे. दुसरे बाहेर नेणारे : पहिल्या वर्षानंतर आणखी चार श्रेयांकांचा कौशल्यविषयक अभ्यास केला की विद्यार्थ्याला प्रमाणपत्र घेऊन शिक्षण सोडता येते, तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करण्याची मुभा असते. वर नेणाऱ्या दाराशी दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता, समकक्षता, रिकामी जागा, खोलीचे भाडे आणि खानावळ असे पहारेकरी उभे आहेत. बाहेर नेणाऱ्या दाराशी कोणीच नाही. आणि बाहेर पडताना हाती दिलेल्या कागदाचे मोल काय? पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी लागते, ती त्याने आधीच केलेली आहे. तलाठ्याच्या भरतीला पदवी लागते, ती त्याच्याजवळ नाही. या दोहोंमध्ये एका वर्षाच्या प्रमाणपत्राला विचारणारी पायरी आपल्या सरकारी नोकरभरतीत नाही. ज्याने प्रमाणपत्र द्यायचे ठरवले त्याच सरकारने ते आपल्या दारी चालवून घ्यायचे मात्र ठरवलेले नाही.

मुलींच्या बाबतीत हे दुसरे दार अधिकच धोक्याचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली. अशा जिल्ह्यात जी मुलगी अविवाहित राहून महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापर्यंत आली ती केवढी लढाई जिंकून आली असेल! तिच्या घरी "एक वर्षाचे सर्टिफिकेट मिळाले, पुढचे नंतर बघू" असे म्हणण्याची सोय झाली, की ते 'नंतर' कधी उजाडत नाही. परत येण्याची तीन वर्षांची मुदत कागदावर उदार दिसते. सासरी गेलेल्या मुलीला तिचा काय उपयोग?

या दोन दारांची कहाणी अमेरिकेने आपल्या आधी अनुभवली आहे. तेथे पदवी चार वर्षांची असते आणि गावोगावी दोन वर्षांची स्वस्त सामुदायिक महाविद्यालये आहेत. यांतील जुने म्हणजे इलिनॉय राज्यात १९०१ साली निघालेले जोलिएटचे. तेथे वर्ष-दोन वर्षे शिकून चार वर्षांच्या संस्थेत जायचे, ही गरिबाची पायवाट मानली गेली. कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाची बृहत् योजना केली : वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना राज्याचे विद्यापीठ, वरच्या तृतीयांशाला राज्य महाविद्यालये, आणि उरलेल्या सर्वांना दोन वर्षांची महाविद्यालये, परंतु तेथून वर जाण्याच्या वाटेसह. त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने अशा एका महाविद्यालयाचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखवले की, वर पाठवण्यासाठी काढलेल्या या संस्था प्रत्यक्षात पुष्कळ विद्यार्थ्यांची उमेद हळूहळू थंड करण्याचे काम करतात. कोणी त्यांना नाही म्हणत नाही. त्यांना समजावले जाते, लहान अभ्यासक्रमाकडे वळवले जाते, आणि शेवटी ते आपल्या अपेक्षा आपणच कमी करून घेतात. श्रीमंत देशात, पुरेसे शिक्षक आणि ग्रंथालये असताना हे घडले. तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या भरवशावर जेथे विभाग चालतात तेथे काय होईल याचा अंदाज करायला समाजशास्त्रज्ञ नको.

आता उसाच्या फडाकडे येऊ, कारण त्याशिवाय बीडच्या शिक्षणाविषयी काहीही बोलणे अपुरे आहे. दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. वयात आलेला मुलगा एक तर बापाबरोबर फडात उभा असतो किंवा गावी म्हातारी माणसे, धाकटी भावंडे आणि जनावरे सांभाळत असतो. पहिल्या सत्राची परीक्षा आणि दुसऱ्या सत्राचे जवळजवळ सगळे वर्ग याच महिन्यांत येतात. त्याचे काही विषय मागे राहतात. मागे राहिलेल्या विषयांनिशी पुढच्या वर्षात बसण्याची मुभा त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयात असते. पण दुसऱ्या विद्यापीठाच्या दारात पुऱ्या श्रेयांकांनिशी आलेलाच आधी आत जातो. पेढीत त्याच्या खात्यावर चव्वेचाळीसऐवजी तीस-बत्तीस श्रेयांक असतात, आणि उरलेले बारा त्याने आळसाने घालवलेले नसतात. ते कारखान्याच्या गाळपात गेलेले असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना राज्य सरकारने २०२१ साली जाहीर केली, ती स्वागतार्हच. परंतु शालेय मुलगा आईबापांच्या पाठोपाठ जाऊ नये ही तिच्यामागची निकड आहे. महाविद्यालयीन मुलाच्या सत्राचा आणि गळीत हंगामाचा मेळ घालण्याचा विचार अजून व्हायचाच आहे. फडातून परतलेल्यांसाठी मे महिन्यात पुरवणी वर्ग आणि लगेच परीक्षा, आणि तिचा निकाल स्थलांतराच्या मुदतीपूर्वी, एवढे केले तर शेकडो श्रेयांक वाचतील. याला पैसा फारसा लागत नाही.

पैसा लागतो तो शहरात राहण्याला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह न मिळाल्यास निवास-भोजनासाठी रोख साहाय्य देणारी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी त्याच धर्तीवर आधार योजना पुढे आली. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना आठ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या अटीवर पूर्ण शिक्षणशुल्क माफ करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. पण कला-वाणिज्य शाखेच्या मुलीचे शुल्क हा मुळी मोठा खर्च नसतोच. तिची खोली, तिचे जेवण आणि तिच्या बापाची धास्ती हा खरा खर्च आहे, आणि तिघांनाही एकच उत्तर आहे : दुसऱ्या वर्षात नव्याने येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहात राखून ठेवलेल्या खाटा.

येथे एक आक्षेप आपल्यातीलच काही ज्येष्ठ मंडळी घेतात. हुशार मुले पहिल्या वर्षानंतर निघून गेली तर तालुक्याच्या महाविद्यालयात उरणार कोण? जे महाविद्यालय बहुजन समाजाने वर्गणी करून, धान्य गोळा करून उभे केले ते ओसाड पाडायचे काय? आक्षेप वजनदार आहे. त्याला आर्थिक बाजूही आहे. अनुदानित महाविद्यालयात विद्यार्थिसंख्येवर कार्यभार ठरतो आणि कार्यभारावर शिक्षकांची पदे. विनाअनुदानित ठिकाणी तर शुल्कावरच संस्था चालते. दहा मुले गेली की एका शिक्षकाच्या पोटावर येते. मग दाखल्याला उशीर होतो, सही करणारे साहेब रजेवर असतात. यात दुष्टावा असतो असे नाही. व्यवस्थेने शिक्षकाचे आणि विद्यार्थ्याचे हित एकमेकांविरुद्ध उभे केले आहे. तेव्हा ज्याला विद्यार्थ्याची मोकळीक हवी त्याने तालुक्याच्या महाविद्यालयातील पदे डोकी मोजून ठरवू नयेत ही मागणीही त्याच श्वासात केली पाहिजे. एकाशिवाय दुसरी मागणी म्हणजे प्राध्यापकांशी उगाच भांडण ओढवून घेणे होय.

आणि जाण्याची गरजच कमी करणे हाही मार्ग आहेच. चौथ्या वर्षाकडे या दृष्टीने पाहावे. नव्या रचनेत चार वर्षे केलेल्याला पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पुरे करता येते. तीन वर्षांवर थांबलेल्याला दोन लागतात. चौथे वर्ष संशोधनासह करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि विभागात मार्गदर्शक होण्यास पात्र असे कायम अध्यापक हवेत. तासिकेवरच्या शिक्षकांनी चालणाऱ्या विभागाला ते सुरूच करता येणार नाही. म्हणजे कालपर्यंत वडवणीच्या आणि संभाजीनगरच्या महाविद्यालयांत गुणवत्तेचा फरक असला तरी पदवी सारखीच होती. आता तिची लांबीही निराळी होणार. काही ठिकाणी चार वर्षांची, काही ठिकाणी तिनाचीच. २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत बसलेल्या पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ चे आहे. त्यापूर्वी जिल्ह्यात बीड आणि अंबाजोगाईखेरीज आणखी दोन-तीन ठिकाणी तरी रिक्त पदे भरून हे वर्ष सुरू करवून घेणे, आणि जिथे ते होणार नाही तेथील मुलांना आपल्याच जिल्ह्यातल्या अशा महाविद्यालयात विनासायास जाता येणे, हे साध्य होण्याजोगे आहे. आष्टी ते बीड आता रेल्वेही झाली आहे.

मागण्या मंजूर होईतो कार्यकर्त्याने हात बांधून बसण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षातील प्रत्येक मुलाचे श्रेयांक-खाते उघडले आहे काय, आणि त्यावर पहिल्या सत्राचे श्रेयांक खरोखर चढले आहेत काय, हे जानेवारीतच पाहून घ्यावे. जूनमध्ये चूक सापडली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. ज्याला जायचे आहे त्याने नव्या महाविद्यालयाची विषयांची यादी उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी आणून आपल्या गुणपत्रिकेशी ताडून पाहावी, आणि रिकामी जागा असल्याचे लेखी मिळाल्यावरच जुना दाखला काढावा. दाखला आधी काढून मग जागा शोधणारी मुले दोन्हीकडून उघडी पडतात. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे म्हणणाऱ्या मुलीच्या घरी, निदान तिच्या तरी, एकदा जाऊन यावे. आणि ज्यांचे आईबाप फडावर आहेत त्यांच्या स्थलांतर प्रमाणपत्राच्या अर्जाची तयारी कोयते परतण्याची वाट न पाहता मार्चमध्येच सुरू करावी. पालकाची सही लागली तर ती आणायला कोणीतरी कारखान्यावर जाऊन यावे लागेल. पूर्वी मतदार याद्यांसाठी आपण गेलोच होतो.